आधी शिपाई, मग लेकरू, मग ती

बेळगावच्या बाईला फौज काही परकी नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून आमच्या गावात आहे. कॅम्पाच्या बाजूनं भाजी आणायला गेलं तरी कवायतीची आरोळी कानावर पडते. आजूबाजूच्या खेड्यांत भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं दिसतात. पलीकडे शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी, साताऱ्याकडं अपशिंगे मिलिटरी. गावाच्या नावातच फौज आहे. अशा मुलखात ‘मुलगा मिलिटरीत आहे’ हे स्थळाच्या बाजूचं मोठं वजन असतं. पगार पक्का, पेन्शन पक्की, निर्व्यसनी असेल तर सोन्याहून पिवळं.

मुलीचं वजन मात्र कोणी करत नाही. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असते, अक्षता पडतात, आणि पुस्तकं माळ्यावर जातात. नवरा जम्मूला किंवा आसामात. ही कधी सासरी, कधी दोन वर्षं क्वार्टरमध्ये, मग परत सासरी. कॉलेज एका गावात, विद्यापीठ दुसऱ्या राज्यात, तिसऱ्या ठिकाणी बदली. शिक्षण सोडलं असं ती कधी म्हणत नाही, “राहिलं” म्हणते. सोडणं आणि राहणं यांत केवढा फरक आहे बघा.

या राहिलेल्या शिक्षणाला पैसा कोणी द्यायचा? नवऱ्यानं, सासऱ्यानं, सरकारनं, की समाजानं? हा प्रश्न वाटतो तेवढा नवा नाही. त्याला इतिहास आहे, आणि तो वाचताना मला आपल्या घरातल्या पुष्कळ गोष्टी दिसत गेल्या.

पहिली गोष्ट आपल्याच धर्मातली आणि आपल्याच मुलखातली. ‘आपण अहिंसेचे उपासक, आपला फौजेशी काय संबंध?’ असं विचारणाऱ्यांनी आठवावं, श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती उभारणारा चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता. त्याच काळात चालुक्यांच्या दरबारी नागदेव नावाचा एक योद्धा होता. तो मरण पावल्यावर त्याची एक पत्नी गुंडमब्बे सती गेली. दुसरी मागं राहिली, ती अत्तिमब्बे. दोघी सख्ख्या बहिणी. अत्तिमब्बेच्या पदरी लहान मुलगा होता. तिनं व्रतस्थ राहून पुढचं आयुष्य दानधर्मात घालवलं. पोन्न कवीच्या ‘शांतिपुराणा’च्या एक हजार प्रती तिनं ताडपत्रांवर लिहवून घेतल्या आणि वाटल्या. छापखाना नव्हता तेव्हा एक हजार प्रती! लेखनिकांची मजुरी, ताडपत्रं, सगळा खर्च तिचा. मुधोळच्या रन्न कवीला आश्रय दिला, त्यानं ९९३ साली ‘अजितपुराण’ लिहिलं. गदगजवळ लक्कुंडीला तिनं बांधवलेली बस्ती आजही उभी आहे. कर्नाटकात तिला ‘दानचिंतामणी’ म्हणतात.

आपल्याकडं चार दानं सांगितली आहेत: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. सैनिकाच्या विधवेनं शास्त्रदानाचा एवढा डोंगर उभा केला, ही आपली परंपरा. पण यातली एक बाजू नजरेआड करू नये. अत्तिमब्बे मोठ्या घरची होती. तिच्याकडं देण्यासारखं होतं. ज्या साध्या शिपायाच्या बायकोकडं काही नव्हतं, तिचं काय झालं हे कुठल्या शिलालेखात कोरलेलं नाही. तिची नोंद व्हायला पुढं जवळजवळ हजार वर्षं जावी लागली.

ती नोंद कायद्याच्या भाषेत पायरी-पायरीनं कशी झाली, हे बघायला अमेरिका बरी पडते. तिथं प्रत्येक पायरीला साल आहे.

२२ जून १९४४ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका कायद्यावर सही केली. लोक त्याला ‘जी. आय. बिल’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातून परत येणाऱ्या शिपायांना शिक्षणासाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी, आणि वर महिन्याला पोटापाण्याचे पैसे. एकट्याला ५० डॉलर, ज्याच्यावर कोणी अवलंबून आहे त्याला ७५. शेतकऱ्यांची, खाणकामगारांची पोरं पहिल्यांदा कॉलेजात गेली. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी या पैशावर शिक्षण किंवा धंद्याचं प्रशिक्षण घेतलं. त्यांतले सुमारे २२ लाख कॉलेजात. त्या देशाचा मध्यमवर्ग या कायद्यानं उभा राहिला असं म्हणतात, ते उगीच नाही.

स्वतः गणवेश घातलेल्या बायकांनाही हा हक्क होता. पण शिपायाच्या बायकोला? तिच्या नावानं कायद्यात होते ते महिन्याचे वरचे २५ डॉलर, आणि तेही त्याच्या हातात. एवढ्यात घर चालत नव्हतं. मग ती टाइपिस्ट झाली, दुकानात उभी राहिली, पाळणाघर नसताना मूल सांभाळून नोकरी करू लागली, आणि नवरा शिकला. पदवीदानाच्या वेळी तिकडच्या कॉलेजांत एक गंमत चाले. अशा बायकांनाही एक कागद देत. त्यावर पी. एच. टी. अशी अक्षरं असत, म्हणजे ‘पुटिंग हबी थ्रू’, नवऱ्याला पार पाडलं म्हणून. सगळे टाळ्या वाजवत, हसत. तिनं तो कागद घरी नेऊन ठेवायचा. त्यावर नोकरी मिळत नव्हती.

हे वाचलं आणि मला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाई आठवल्या. भाऊराव आपल्या कुंभोजचे, कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकलेले. साताऱ्याच्या वसतिगृहात मुलांच्या पोटाला कमी पडलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं, ही गोष्ट आपल्याकडं शाळेतलं पोरसुद्धा सांगतं. रयत शिक्षण संस्थेचा वटवृक्ष झाला. लक्ष्मीबाईंचं मोल आपण मानतो, फोटोला हार घालतो. तरी एक जाणवत राहतं. जगात कुठंही बघा, दुसऱ्याच्या शिक्षणाला पैसा घालणाऱ्यांच्या यादीत बायको फार लवकर येते, घेणाऱ्यांच्या यादीत फार उशिरा.

किती उशिरा, ते पुढचं साल सांगतं. १९५६ मध्ये अमेरिकेनं युद्धात वडील गेलेल्या मुलांसाठी कायदा केला. पूर्ण वेळ शिकणाऱ्या मुलाला महिन्याला ११० डॉलर. चांगलाच कायदा. फक्त त्यात मुलाची आई नव्हती. तिला निवृत्तिवेतन होतं, म्हणजे जेवायची सोय होती. तिनं शिकावं, कमवावं, ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात नव्हती. घर तिनं सांभाळायचं आणि मुलगा शिकला की त्यानं तिला सांभाळायचं. हे गणित आपल्याला काही शिकवायला नको.

बारा वर्षांनी, १९६८ मध्ये, हा कायदा वाढवला. सेवेमुळं मरण पावलेल्या सैनिकाची विधवा, आणि सेवेमुळं कायमचा पूर्ण अपंग झालेल्याची पत्नी, या दोघींना शिक्षणाचा पैसा मिळू लागला. व्हिएतनामचं युद्ध तेव्हा ऐन भरात होतं. शवपेट्या येत होत्या आणि तरुण विधवांची संख्या डोळ्यांत भरण्याएवढी झाली होती.

त्या युद्धात आणखी एक प्रकारची बाई तयार झाली. जिचा नवरा मेलेला नाही, जिवंत आहे का ते माहीत नाही, आणि असेल तर शत्रूच्या तुरुंगात आहे. सिबिल स्टॉकडेल ही त्यांतली. तिचा नवरा वैमानिक, १९६५ मध्ये उत्तर व्हिएतनामात विमान पडून कैद झाला, तो १९७३ मध्ये सुटला. सरकार बायकांना सांगे, बोलू नका, गप्प राहा, कैद्यांना धोका आहे. ही बोलली. चार बायका जमवल्या, चारशे झाल्या, १९७० मध्ये त्यांची रीतसर देशव्यापी संघटना झाली. त्याच वर्षी कैदेत किंवा बेपत्ता असलेल्यांच्या पत्नींना शिक्षणाच्या कायद्यात जागा मिळाली. १९६९ मध्ये अ‍ॅनापोलिसला सैनिकांच्या बायका-विधवांनी दुसरी एक संघटना काढली होती, निवृत्त सैनिकाच्या मागं त्याच्या बायकोला काही मिळावं म्हणून. तीच आज ‘नॅशनल मिलिटरी फॅमिली असोसिएशन’ म्हणून चालते आणि २००४ पासून सैनिकांच्या जोडीदारांना शिष्यवृत्त्या देते. म्हणजे बायकांनी आधी स्वतः बैठक मारली, मग कायदा हलला.

मी मुद्दाम ‘जोडीदार’ म्हटलं. त्याचीही गोष्ट आहे. शॅरन फ्रॉन्टियेरो नावाची हवाई दलातली लेफ्टनंट होती. पुरुष अधिकाऱ्याची बायको आपोआप ‘अवलंबून’ धरली जाई, घरभाडं आणि औषधपाणी तिच्या नावानं मिळे. बाई अधिकाऱ्याच्या नवऱ्याला मात्र आधी सिद्ध करावं लागे की त्याचा निम्म्याहून जास्त खर्च बायको करते. शॅरनचा नवरा कॉलेजात शिकत होता, आणि स्वतः माजी सैनिक असल्यानं त्याला महिन्याला २०५ डॉलर मिळत होते. त्यामुळं तो ‘अवलंबून’ ठरेना. ती कोर्टात गेली. १४ मे १९७३ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं तिच्या बाजूनं निकाल दिला. सैनिक बाई असू शकते आणि शिकणारा जोडीदार पुरुष असू शकतो, हे त्या दिवशी न्यायालयानं मान्य केलं.

आतापर्यंतच्या पायऱ्या मोजा. आधी शिपाई स्वतः, मग त्याचं अनाथ लेकरू, मग त्याची विधवा, अपंगाची पत्नी, कैद्याची पत्नी. धडधाकट, नोकरीत असलेल्या शिपायाची बायको अजून दारातच आहे. तिचा नवरा मरण्याची, पंगू होण्याची, हरवण्याची वाट पाहिल्याशिवाय तिला शिकायला पैसा नाही. हे वाक्य लिहायलासुद्धा जड जातं, पण कायद्याचा अर्थ तोच होता.

तिची पाळी २००८ मध्ये आली. त्या वर्षीच्या नव्या जी. आय. कायद्यानं, जो १ ऑगस्ट २००९ पासून लागू झाला, शिपायाला आपला ३६ महिन्यांचा शिक्षणाचा हक्क बायकोला किंवा मुलांना देता येऊ लागला. अट अशी की त्यानं सहा वर्षं सेवा केलेली असावी आणि आणखी चार वर्षं करण्याचं लिहून द्यावं. यात सरकारचा हिशोब सरळ आहे. फौजी टिकवायचा तर घरचं माणूस खूश पाहिजे. शिवाय हक्क त्याचा, दिला तर तिला मिळणार. काय दिलं, किती महिने दिले, मुलाला ठेवले की बायकोला, हे सगळं त्याच्या मनावर. जेवणाच्या ताटावर होणारी वाटणीच ही, फक्त सरकारी कागदावर.

त्याच सुमारास दुसरी एक योजना आली, तिचं आखूड नाव ‘मायका’. गंमत म्हणजे आपल्याकडं हिंदीत मायका म्हणजे माहेर! ही रक्कम थेट बायकोच्या नावानं. २००९ मध्ये देशभर सुरू झाली तेव्हा ६००० डॉलरपर्यंत, कोणत्याही हुद्द्याच्या सैनिकाच्या जोडीदाराला. बायकांची एवढी झुंबड उडाली की फेब्रुवारी २०१० मध्ये सरकारनं ती एकदम थांबवली. ज्या आधीच आत होत्या त्यांना पुढं सामावून घेतलं, पण त्याच वर्षी ऑक्टोबरपासून रक्कम ४००० डॉलरवर आणली आणि खालच्या हुद्द्यांपुरतीच ठेवली. तीही परवाना, प्रमाणपत्र, दोन वर्षांची पदविका यांसाठीच. नर्सिंगमधलं काही, शाळेतलं काही, हिशोबाचं काही, म्हणजे बदलीच्या गावी घेऊन जाता येईल असं काम. चार वर्षांच्या पदवीला ती चालत नाही.

झुंबडीचा अर्थ सरकारनं ‘खर्च फार झाला’ असा घेतला. मला त्यात दुसरं दिसतं. इतकी वर्षं सांगत होते की बायकांना शिकायची हौस नसते, संसारात रमतात. दार किलकिलं केलं तर उंबऱ्यावर केवढी रांग!

२००८ च्याच एका दुसऱ्या कायद्यानं आणखी एक चांगलं केलं. तिकडं सरकारी विद्यापीठांत राज्यातल्या विद्यार्थ्याला फी कमी आणि बाहेरच्याला खूप जास्त असते. नवरा जिथं नेमणुकीवर आहे त्या राज्यात बायकोला आणि मुलांना स्थानिक फी लावायची, असं ठरलं. सीमाभागातल्या आपल्या बायकांना याची किंमत वेगळी सांगायला नको. रहिवासी दाखला, अधिवास, कुठल्या राज्याची, कुठल्या माध्यमाची, यात आपल्याकडं किती मुलींची वर्षं गेलीत!

आता आपल्या देशाकडं बघू. १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन होतो, आपण छोटा झेंडा लावतो आणि डब्यात नाणं टाकतो. बदलीवाल्यांच्या मुलांचे हाल होतात म्हणून १९६३ मध्ये केंद्रीय विद्यालयं निघाली, आणि त्यांची सुरुवातच वीस पलटणी शाळांपासून झाली. म्हणजे बदलीमुळं शिक्षण तुटतं हे सरकारला साठ वर्षांपूर्वी पक्कं कळलं होतं, पण ते मुलांच्या बाबतीत. त्याच बदलीमुळं त्या मुलांच्या आईचं शिक्षण तुटतं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. १९६६ मध्ये सैनिकांच्या पत्नींची कल्याण संघटना, ‘आवा’, नोंदली गेली. शिवण, संगणक, हातकाम यांचे वर्ग तिच्यातर्फे चालतात.

१९७१ च्या युद्धानंतर, १९७२ मध्ये, शहीद, बेपत्ता आणि कायमच्या अपंग सैनिकांच्या मुलांच्या फीचा भार सरकारनं उचलला. २०१७ मध्ये त्याला महिन्याला १०,००० रुपयांची मर्यादा घातली, लोक बोलले, आणि मार्च २०१८ मध्ये ती काढली. त्याच १९७२ मध्ये मोहिनी गिरी यांनी दिल्लीत युद्धविधवांची संघटना काढली. १९९९ मध्ये कारगिलनंतर वीरपत्नींना पेट्रोल पंप, गॅस एजन्सी दिल्या गेल्या. २००६ मध्ये पंतप्रधान शिष्यवृत्ती आली, माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि विधवांसाठी. व्यावसायिक पदवीला, ६० टक्क्यांची अट, आता मुलींना महिन्याला ३००० आणि मुलांना २५०० रुपये. हवालदारापर्यंतच्या हुद्द्याच्या माजी सैनिकाच्या विधवेला दोन वर्षांच्या एम. ए., एम. कॉम.सारख्या शिक्षणासाठी महिन्याला १००० रुपये होते, ते २०२५ मध्ये दुप्पट केले. एखादा धंदा शिकायला वेगळं एकरकमी अनुदान आहे. हे सगळं केंद्रीय सैनिक बोर्डाचं, आणि जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयातून विचारता येतं. आपल्या ओळखीत कोणी अशी बाई असेल तर तिला एवढं तरी सांगा. माजी सैनिकाच्या विधवेचं ओळखपत्र, पेन्शनचे कागद, नवऱ्याचा सेवेचा दाखला आणि स्वतःच्या गुणपत्रिका, ही चार कागदं एका पिशवीत ठेवली तर अर्धं काम होतं.

म्हणजे आपणही त्याच पायऱ्यांनी चाललोय. शिपाई, लेकरू, विधवा. नोकरीतल्या जवानाची बायको अजून दारातच. मुलांचा शिक्षण भत्ता नवऱ्याच्या पगारात येतो, तिच्या परीक्षेच्या फीची ओळ त्यात नाही.

यावर आपल्यातल्याच काही जणी म्हणतात, “नवरा कमावतो की, त्यानं द्यावी फी. सरकारनं कशाला?” बोलणं अगदी खोटं नाही. शेजारच्या शिक्षकाच्या बायकोला कोण देतं? पण शिक्षकाची बायको एका गावात राहते. जवानाच्या बायकोचं शिक्षण तुटतं ते सरकारच्या बदलीच्या हुकमानं. आणि उद्या काही विपरीत घडलं तर तिच्याच हातात पेन देऊन ‘आता तू शिक, उभी राहा’ म्हणणार. पंचवीस वर्षांच्या बाईला ते दुःखात शिकावं लागतं. तेच सुखात असताना शिकू दिलं असतं तर? महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि वीस वर्षांत त्यांना कळलं की सगळ्याच बायकांसाठी विद्यापीठ पाहिजे. १९१६ मध्ये पाच विद्यार्थिनींवर ते सुरू केलं. आपल्या समाजात मगनबाईंनी तरुणपणी वैधव्य आल्यावर श्राविकाश्रम उभा केला, सोलापुरात सुमतीबाई शहांनी त्याच वाटेनं जन्म घालवला. या सगळ्यांनी विधवेपासून सुरुवात केली, कारण तिचं दुःख दिसत होतं. सौभाग्यवतीचं राहिलेलं शिक्षण दिसत नाही, एवढंच.

सरकारची पायरी कधी हलेल ती हलो. आपल्या हातातलं काय ते बघू. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ ची, कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळीची बोर्डिंगं आपल्या पूर्वजांनी काढली, कित्येक पिढ्या त्यांवर शिकल्या. आज गावोगावच्या ट्रस्टांतून शिष्यवृत्त्या निघतात. त्यांचे अर्ज मी पाहते. ‘वडिलांचं नाव, वडिलांचं उत्पन्न, वय पंचवीसपर्यंत.’ लग्न झालेली, दोन मुलांची आई, मुक्त विद्यापीठातून राहिलेलं बी. ए. करणारी बाई या चौकटीत बसतच नाही. मग ती जवानाची असो, की दुकानदाराची.

या वर्षी दशलक्षण पर्वात शास्त्रदानाची पावती फाडताना विश्वस्तांना एवढंच विचारा, की या अर्जात वयाची ओळ खोडता येईल का, आणि वडिलांच्या उत्पन्नाखाली ‘स्वतः अर्जदार’ अशी एक ओळ वाढवता येईल का. छपाईचा खर्च फार येत नाही. मी आमच्याकडं विचारलं आहे. पुढच्या सभेत विषय घेऊ म्हणालेत. सभेला मी जाणार आहे. एकटी नको, चारजणी या.